तीन वर्षांचा दुखवटा

आमच्या घरात सतरंजी वाकडी अंथरलेली चालत नसे. जेवायला बसण्याआधी आप्पा उभ्यानंच बघत, ती भिंतीला धरून सरळ आहे का. नसली तर वाकून हातानं सरळ करत आणि मगच मांडी घालत. तोवर येसराची आमटी ताटात वाफ सोडत असे, चुलीवरून उतरलेल्या भाकरीचा फुगलेला पापुद्रा हळूहळू बसत असे आणि मी व आई एकमेकींकडे बघत थांबलेल्या असू. मी एकुलती एक. त्यामुळे वडिलांच्या सगळ्या शिस्ती माझ्या एकटीच्या वाट्याला आल्या. आई कधीकधी वैतागून म्हणायची, "तुमच्या मास्टरजीला भूक लागत नव्हती का हो?" आप्पा शांतपणे सांगायचे, "लागायची. पण ते आधी बसायची जागा नीट करायचे." एवढं बोलून ते भाकरी मोडायचे, आणि मग तोंडात घास असेपर्यंत बोलणं बंद. घास तोंडात असताना मास्टरजी बोलत नसत, म्हणून आप्पाही बोलत नसत.

शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटायचं, मास्टरजी म्हणजे आप्पांच्या गावच्या, पिशोरच्या शाळेतले कुणी कडक गुरुजी असणार. खरं तर ते अडीच हजार वर्षांपूर्वी चीनमध्ये होऊन गेले आणि जग त्यांना कन्फ्यूशियस म्हणतं. चिकलठाण्याच्या एका कारखान्यात टूलरूममध्ये काम करणाऱ्या, जेमतेम मॅट्रिक झालेल्या माझ्या वडिलांना ते भेटले कसे, याची गोष्ट माझ्या आजोबांच्या दातांपासून सुरू होते.

आबांचे, म्हणजे आजोबांचे, सगळे दात पडले तेव्हा आप्पांनी त्यांना कवळी बसवायला पिशोरहून शहरात आणलं. जुन्या बाजारात एक चिनी दाताचे डॉक्टर होते. त्यांना सगळे लीसाहेब म्हणत. त्यांच्या आजोबांपासून घराणं इथलंच. चेहरा चिनी आणि तोंडात अस्सल दखनी. त्यांच्या खुर्चीसमोरच्या भिंतीवर लांब दाढीच्या, बाह्यांमध्ये हात घेऊन उभ्या असलेल्या एका म्हाताऱ्याचं चित्र होतं. आबांनी जबड्याचं माप देता देता त्या चित्राला हात जोडले आणि बोळक्या तोंडानं विचारलं, "हे कोन पीर हायेत, डाक्टर?" लीसाहेब हसले. "पीर नई बाबा, हमारे मास्टरजी हैं. कोई करामत नई किये. बस, आदमी ने आदमी से कैसा रहना, उत्ता बताये." आबा म्हणाले, "मंग हे सगळ्यात अवघड काम केलं म्हनायचं." कवळी आबांना काही मानवली नाही. ते ती फक्त लग्नाकार्यात घालायचे आणि जेवायच्या वेळी काढून खिशात ठेवायचे. पण आप्पांच्या मनात ते चित्र बसलं. दात दुखत नसतानाही दर रविवारी ते लीसाहेबांकडे जाऊन बसू लागले.

पुढे मी तत्त्वज्ञान शिकले, शाळेत शिकवण्यात आयुष्य गेलं, आणि कन्फ्यूशियसबद्दल मराठी-इंग्रजीत जे मिळालं ते वाचलं. आप्पांना जे समजलं होतं त्यात मला फारशी भर घालता आली नाही, हे आज साठी ओलांडल्यावर मी मोकळेपणानं सांगते. स्वर्ग कसा आहे, मेल्यावर काय होतं, या गोष्टींत त्या माणसाला रस नव्हता. समोर बसलेल्याशी नीट वागता येतं का, एवढंच तो विचारत असे. बापाशी मुलानं, थोरल्याशी धाकट्यानं, मित्रानं मित्राशी, राजानं प्रजेशी कसं वागायचं, हे तो एकेका नात्याला धरून सांगे. रीतभात त्याला फार प्रिय होती. पण मन नसेल तर रीत पोकळ, हेही तोच सांगे. आप्पांनी हे सगळं टूलरूममध्ये नेलं. सकाळी भोंगा व्हायच्या आत ते पोचत. झाडणाऱ्या बाईंना आधी नमस्कार करत, साहेबांना मागाहून. कारखान्यातली पोरं त्यांची टिंगल करायची, 'चायना आप्पा' म्हणायची, आणि अडचण आली की त्यांच्याकडेच यायची.

आईचं मात्र मास्टरजींशी पटलं नाही. "बापाचं सांगितलं, भावाचं सांगितलं. भाकरी थापनारीनं कधी जेवायचं ते सांगितलं का त्यांनी?" असं तिनं एकदा भर जेवणात विचारलं. आप्पांचा घास तोंडात होता, त्यामुळे उत्तर लगेच आलं नाही. घास संपल्यावर ते म्हणाले, "नाय सांगितलं. चुकलं त्यांचं." दुसऱ्या दिवसापासून आईची शेवटची भाकरी तव्यावरून उतरेपर्यंत ते थांबू लागले. आता मोबाइलवर कन्फ्यूशियसच्या नावानं रोज कुणीतरी गुलाबाच्या चित्रावर एखादं वाक्य पाठवतं, त्यातलं निम्मं त्यानं कधी म्हटलेलंच नसतं. ते बघितलं की मला आईसाठी थांबलेले आप्पा आठवतात.

मी कॉलेजात पहिल्या वर्षाला, म्हणजे बी.ए.च्या आधीच्या वर्षाला होते तेव्हा आबा गेले. फार दिवस पडून राहिले नाहीत. सकाळी गोठ्यात गेले, बैलांना वैरण टाकली आणि गव्हाणीला टेकून बसले ते बसलेच. तेराव्याला सगळी भावकी पिशोरला जमली होती. पंगती उठल्या, भांडी घासायचा आवाज मागच्या अंगणातून येत होता, आणि थोरले काका लिंबाखालच्या बाजेवर बसून आप्पांना म्हणाले, "सोयगावचं स्थळ हाय आपल्या पोरीला. पोराचं खताचं दुकान हाय, बागाईत हाय, मानसं चांगली हायेत. मी शब्द देऊन टाकला. आता घरात मरन झालं म्हंजी वर्साच्या आत उरकावं लागंल. नायतर मंग तीन वर्सं थांबा." मी चहाचे कप घेऊन तिथंच उभी होते. आप्पांनी माझ्या हातातला एक कप घेऊन काकांपुढे ठेवला. थोरल्या भावाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही, हे आमच्या घरात मास्टरजींच्याही आधीपासून होतं.

ही रूढी आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. घरातलं वडीलधारं माणूस गेलं की लग्नाच्या वयाच्या पोरीचं वर्षाच्या आत उरकतात. तीन वर्षं थांबण्याची दुसरी वाटही त्याच रूढीत आहे, पण त्या वाटेनं गेलेलं कुणी मला माहीत नव्हतं. एवढं थांबायचं म्हटलं तर पोर म्हातारी होईल, लोक नावं ठेवतील, स्थळ हातचं जाईल. त्यामुळे कित्येक पोरींच्या शाळा-कॉलेजांचा शेवट कुणा आजोबाच्या तेराव्याला झालेला मी पाहिला होता. आता माझी पाळी होती.

शहरात परत आल्यावर मी आप्पांना गाठलं. ते दारात सायकलची चेन पुसत होते. मी सरळच म्हणाले, "आप्पा, मला शिकायचंय. मला सोयगावला जायचं नाही."

"दादानं शब्द दिलाय, बाई."

"मला न विचारता दिला."

"थोरल्यानं दिलेला शब्द हाय तो."

मला रडू आलं आणि रागही आला. "मग तुमच्या मास्टरजींनाच विचारा," असं म्हणून मी आत गेले. मी हे टोमणा म्हणून बोलले होते. पण आप्पा अशा गोष्टी टोमणा म्हणून ऐकत नसत. त्याच रविवारी त्यांनी स्वच्छ शर्ट घातला, मला सायकलवर मागे बसवलं आणि ते लीसाहेबांकडे निघाले.

दवाखान्यात पेशंट नव्हतं. लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिला होता. आप्पांनी सगळं सांगितलं, माझ्या देखत, काही न लपवता. मग विचारलं, "बड़े भाई की बात काटना गलत है क्या, डॉक्टरसाब?"

लीसाहेबांनी हात पुसले. "काटना नक्को. बोलना. अपना बड़ा गलत जारा, तो चुप बैठना भी इज्जत नई है. धीरे से बोलना. नई माने तो और इज्जत से, फिर बोलना. दिल में गुस्सा नक्को रखना. मास्टरजी ऐसाच बोले."

"और बाप गुजर गया तो?"

मग लीसाहेबांनी ती गोष्ट सांगितली, जी मी नंतर पुष्कळ ठिकाणी वाचली, पण त्यांच्या तोंडून ऐकली तशी कुठंच वाटली नाही. मास्टरजींच्या काळी आईबाप गेले की तीन वर्षं दुखवटा पाळत. एका हुशार शिष्यानं विचारलं, एक वर्ष पुरे नाही का? शेतात जुनं धान्य संपून नवं येतं तेवढ्यात. मास्टरजींनी त्याला विचारलं, वर्षभरानं गोडधोड खाताना, रेशमी कपडे घालताना तुझ्या जिवाला बरं वाटेल का? वाटेल, म्हणाला. मग खुशाल कर, म्हणाले. तो उठून गेल्यावर मात्र मास्टरजींना वाईट वाटलं. लेकरू तीन वर्षं आईबापाच्या कडेवर असतं, याला त्याच्या आईबापानं तेवढं तरी उचलून घेतलं नव्हतं का, असं ते म्हणाले.

आप्पांनी त्या चित्राकडे बघितलं. "आपने किया था, तीन साल?"

लीसाहेबांनी मान खाली घातली. "नई हुआ मेरे से. दुकान थी, बच्चे थे. मेरे बाप ने भी नई किया. अब कौन करता?"

परत येताना आप्पा सायकलवर बसले नाहीत. घरापर्यंत हातात धरून चालत आले, आणि मी त्यांच्या शेजारून.

पुढच्या सुट्टीला आम्ही पिशोरला गेलो. काका ओट्यावर होते. आप्पांनी नेहमीसारखं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि खाली बसून म्हणाले, "दादा, मी आबांचा दुखवटा तीन वर्सं पाळनार हाय. तवर माझ्या घरात लग्न व्हायचं नाय."

काकांना आधी कळलंच नाही. "तीन वर्सं? आरं कोन पाळतं तीन वर्सं? लोक वरसात इसरून जात्यात. वरीस लई झालं."

"तुमच्या जिवाला बरं वाटत असंल तर तुम्ही गोड खा, दादा. मला नाय वाटत."

आप्पांचा आवाज अजिबात चढला नव्हता. तरी काकांचं तोंड एकदम उतरलं. आप्पा ओरडून बोलले असते तर भांडण होऊन मिटलं असतं, असं आई पुढे नेहमी म्हणायची. काका उठून उभे राहिले. "म्हंजी आबा तुझाच बाप व्हता. माझा कोन नव्हता?" आप्पा काही बोलायच्या आत ते म्हणाले, "मी सोयगावला शब्द दिला, तो तू पायाखाली घातला. आता तुझ्या दारात मी येनार नाय." आणि ते आत गेले. काकूंनी दाराआडून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या डोळ्यांत मला राग दिसला नाही.

एसटीत मी आप्पांना चिकटून बसले होते. मला त्यांच्या गळ्यात पडावंसं वाटत होतं. मी म्हणाले, "आप्पा, माझ्यासाठी तुम्ही काकांशी..." त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. "तुझ्यासाठी केलं आसं समजू नको. तुझ्यासाठी आबांचं नाव वापरलं आसतं, तर ते खोटं झालं आसतं. मला खरंच पाळायचाय." मला तेव्हा ते लागलं. बापानं एवढी मोठी गोष्ट केली आणि ती माझ्यासाठी नव्हती म्हणतो. शहर येईपर्यंत मी खिडकीबाहेर बघत बसले.

पण ते खरं होतं. आप्पांनी दुखवटा पाळला तो असा की आमच्या गल्लीला त्याची सवय झाली. शहरातलं नान-खलिया, मटणाचा झणझणीत रस्सा आणि तंदुरी नान, म्हणजे आप्पांचा जीव की प्राण. जुन्या शहरात मोठमोठ्या देगा चुलीवर चढलेल्या असत, आणि वासानंच माणूस आत ओढला जाई. तिथून जाताना आप्पा सायकलवरून उतरत, दोन क्षण थांबत आणि पुढे निघत. रेडिओला आईनं शिवलेली खोळ घातली ती कुणी काढली नाही. नवं कापड अंगाला लावलं नाही, गोड खाल्लं नाही, ते जमिनीवर झोपले. मात्र हे सगळं त्यांचं एकट्याचं. माझ्यासाठी दिवाळीत करंज्या झाल्याच पाहिजेत, हे ते आईला बजावून सांगत, आणि आई तळता तळता पदरानं डोळे पुसे. "बाप गेला म्हनून मानूस एवढं करतं, आन् आपन त्यांना वेडं म्हनत व्हतो," असं ती एकदा शेजारणीला म्हणाली. त्यानंतर तिनं मास्टरजींवरून त्यांना चिडवणं सोडलं, ते मला मुळीच आवडलं नाही.

संध्याकाळी मी कॉलेजातून आले की ते आधी विचारत, आज काय शिकलीस. मी सांगत असे. मग ते आबांची एक गोष्ट सांगत. आबांनी त्यांना खांद्यावर बसवून बाजारात कसं नेलं, पुराच्या पाण्यातून शेळी कशी काढली, रागावले की कसे गप्प बसत, आजी गेल्यावर स्वतः भाकरी थापायला कसे शिकले. आबा जिवंत होते तेव्हा मी त्यांना इतकं ओळखत नव्हते. माझ्या बी.ए.च्या वर्षांत मला तत्त्वज्ञान आणि आजोबा दोन्ही मिळाले, आणि त्यातलं जास्त कशाचं सोनं झालं हे मला आजही सांगता येणार नाही.

काका आपल्या शब्दाला जागले. आमच्या दारात आले नाहीत. आप्पा मात्र पोळ्याला, दिवाळीला, आबांच्या श्राद्धाला पिशोरला जात. पायांवर डोकं ठेवत, आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य बोलत, "दादा, पोरीला शिकू द्या." काका तोंड फिरवत. आप्पा काकूंनी दिलेलं पाणी पीत आणि परत येत. घरी येऊन त्यांनी कधी काकांबद्दल वाकडा शब्द काढला नाही. आई काढायला लागली की ते तिला थांबवत. "तो आबांच्या जागी हाय," एवढंच म्हणत.

तिसऱ्या श्राद्धाला आम्ही सगळे गेलो. आता संपलं, आज आप्पा गोड खाणार, असं आई धरून चालली होती. पंगत बसली. पत्रावळीवर खीर आली. आप्पांनी भाजी-भाकरी खाल्ली, वरण खाल्लं आणि खिरीला हात लावला नाही. समोरच्या रांगेतून काका बघत होते. वाढणाऱ्यानं आग्रह केला, तर आप्पा म्हणाले, "आजून कुनी काढला नाय." आपल्याकडे दुखवटा आपला आपण संपवायचा नसतो. घरच्या मोठ्यानं किंवा पाहुण्यानं येऊन तो काढावा लागतो, टोपी-उपरणं द्यावं लागतं, तोंडात गोड घालावं लागतं. आप्पांच्या घरात मोठं असं एकच माणूस उरलं होतं.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आता कुनाची वाट बघता?"

"दादाची."

"आन् ते नाय आले तर?"

"मंग नाय."

मला भीती वाटू लागली. हा माणूस उरलेलं आयुष्य असंच काढेल, हे मला माहीत होतं. माझी परीक्षा झाली, उन्हाळा लागला, निकाल आला. मी पास झाले, चांगल्या मार्कांनी. पेढे आणायचे की नाही यावर आई आणि मी स्वयंपाकघरात कुजबुजत होतो. सोयगावच्या मुलाचं केव्हाच लग्न झालं होतं, पण मला ठाऊक होतं की आता वर्षांची आडकाठी राहिलेली नाही. काकांनी मनात आणलं तर उद्या दुसरं स्थळ उभं राहील, आणि या वेळी आप्पांकडे कोणतंही उत्तर नसेल.

अशाच एका भर दुपारी दारात काका उभे होते. घामानं निथळत, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात डबा. आप्पांची पाळी सकाळची होती, ते नुकतेच येऊन टेकले होते. ते धडपडत उठले आणि पायांवर वाकले. काकांनी त्यांना मध्येच धरलं. मग काका खाटेवर बसले आणि पिशवीतून पांढरी टोपी आणि उपरणं काढलं.

"आबा गेले तव्हा मी पाव्हन्यांचं बघत व्हतो," ते म्हणाले. "लाकडं, भटजी, पंगती, कोन आलं, कोन रुसलं. मला रडायला वेळच भेटला नाय. तेराव्याला मी सगळं आवरून टाकलं, पोरीचं लगीनबी त्यातच आवरायला निघालो. तू म्हनालास, बरं वाटत असंल तर गोड खा. तव्हापासून मला गोड खाताना तेच ध्यानात येतंय." उपरण्याची घडी त्यांनी मांडीवर ठेवली. "आबांना तू तीन वर्सं धरून ठेवलं. मी तेराव्यालाच सोडून दिलं व्हतं रं."

आणि माझे थोरले काका, ज्यांच्या समोर गावात कुणी चढ्या आवाजात बोलत नसे, ते आमच्या खाटेवर बसून लहान पोरासारखे रडले. आप्पा त्यांच्या पायाशी बसून रडले. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती. मीही रडले, आणि एसटीत ज्या वाक्याचा मला राग आला होता त्याचा अर्थ मला त्या घडीला कळला. आप्पांनी माझ्यासाठी आबांचं नाव वापरलं असतं, तर काका आज आले नसते.

मग काकांनी आप्पांच्या डोक्यावर टोपी ठेवली, खांद्यावर उपरणं घातलं आणि डबा उघडला. काकूंनी गव्हाची खीर करून दिली होती. काकांनी आपल्या हातानं आप्पांना पहिला घास भरवला. आप्पांनी तो डोळे मिटून खाल्ला. तोंडात घास होता, त्यामुळे ते काही बोलले नाहीत.

काका माझ्याकडे वळले. "पास झाली म्हनं?"

"झाले, काका."

"मंग आता काय?"

मी आप्पांकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. हे मला एकटीलाच बोलायचं होतं. मी म्हणाले, "बी.एड. करायचंय. मला शिकवायचंय."

काकांनी डब्याचं झाकण लावलं, परत काढलं, आणि दुसरा घास माझ्यासमोर धरला.

"कर," ते म्हणाले. "तुला इचारल्याबिगर मी आता कुनाला शब्द देत नाय."